फिलाडेल्फियाचे दानशूर : स्टीफन जिरार्ड

गणेशोत्सव जवळ आला की आपली कार्यकारिणीची मंडळी पावतीपुस्तक घेऊन क्वार्टर-क्वार्टर हिंडू लागतात. गेली काही वर्षे मीही त्यांच्यात असतो. कोणी हसतमुखाने वर्गणी देतो, कोणी पुढच्या रविवारी या म्हणतो. जमलेल्या पैशाचा पै-पैचा हिशेब याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर छापला जातो.

गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत या पैशावरून बरीच चर्चा रंगली होती, ती सभासदांना आठवत असेल. उत्सवाचा खर्च भागून उरणारी रक्कम आपण सहाय्यता निधीत टाकतो. या निधीतून मदत फक्त मराठी कुटुंबांनाच द्यावी, की कॉलनीतल्या कोणाही अडलेल्या माणसाला द्यावी, असा प्रश्न निघाला. दोन्ही बाजूंनी मुद्दे मांडले गेले, पण चहा आला आणि निर्णय पुढे ढकलला गेला. घरी परतताना मला एका परदेशी माणसाची आठवण झाली. आपल्या देशात त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, परंतु अमेरिकेत, विशेषतः फिलाडेल्फिया शहरात, ते लहान मुलांनाही माहीत असते. त्यांचे नाव स्टीफन जिरार्ड. त्यांच्या जीवनाची ओळख करून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गुण्या आणि कंपास

जिरार्ड फ्रीमेसन होते. म्हणून आधी फ्रीमेसनांविषयी थोडेसे. उत्तरेकडच्या जुन्या रेल्वे वसाहतींमध्ये इंग्रजांच्या काळातली एखादी बंद-बंदशी इमारत असते आणि तिच्या दर्शनी भागावर गवंड्याचा गुण्या व कंपास कोरलेला दिसतो. आत काय चालते हे बाहेरच्यांना कळत नसे, म्हणून लोक तिला जादूघर म्हणत. नोकरीच्या सुरुवातीला मीही तसेच समजत होतो. पुढे वाचनातून कळले की ही एक बंधुमंडळी आहे. दगडकाम करणाऱ्या गवंड्यांच्या जुन्या संघांची परंपरा ती सांगते. लंडनमध्ये १७१७ साली तिची पहिली मध्यवर्ती संस्था, म्हणजे ग्रँड लॉज, स्थापन झाली. मुंबईत १८४३ साली भारतीय सभासदांना प्रवेश देणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघाले.

या मंडळींचे गुप्त विधी हा चर्चेचा विषय असला, तरी त्यांचे उघड आणि जुने काम म्हणजे दानधर्म. प्रत्येक सभासदाने वर्गणी द्यायची आणि त्यातून अडचणीतल्या बंधूला, त्याच्या विधवेला, त्याच्या पोरक्या मुलांना आधार द्यायचा. लंडनमध्ये १७८८ साली रुस्पिनी नावाच्या दंतवैद्याच्या पुढाकाराने फ्रीमेसनांच्या मुलींसाठी शाळा निघाली आणि दहा वर्षांनी मुलांसाठीही तशीच सोय झाली. म्हणजे सुरुवात आपल्या माणसांपासून. आपल्या मंडळाची सुरुवातही अशीच झाली. घरापासून दूर आलेल्या माणसांनी आधी एकमेकांना धरून राहावे, यात गैर काहीच नाही. प्रश्न त्यापुढचा आहे.

समुद्रावरचा पोरगा

स्टीफन जिरार्ड यांचा जन्म फ्रान्समधील बोर्दो या बंदरात २० मे १७५० रोजी झाला. वडील गलबतांवर कप्तान होते आणि व्यापारही करीत. लहानपणीच स्टीफनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. मुले चिडवत. पुढे आईही वारली. शाळा फारशी झाली नाही आणि चौदाव्या वर्षी पोरगा जहाजावर चढला. पण हुशारी अशी, की वयाची अट पुरी होण्याआधीच, तेविसाव्या वर्षी, त्याला कप्तानाचा परवाना मिळाला.

वेस्ट इंडीज बेटे आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान माल वाहत असताना १७७६ साल उजाडले. अमेरिकन वसाहतींचे इंग्लंडशी युद्ध जुंपले होते आणि किनाऱ्यावर इंग्रजी युद्धनौका पहारा देत होत्या. त्यांना चुकवण्यासाठी जिरार्ड यांनी आपले जहाज डेलावेअर नदीत घातले आणि फिलाडेल्फियाला लावले. तात्पुरते म्हणून आलेला हा माणूस पंचावन्न वर्षे, मरेपर्यंत, त्याच शहरात राहिला. परमुलखात पाय रोवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तिथे त्यांनी दुकान घातले, १७७७ साली मेरी लम या तरुणीशी लग्न केले. व्यापार वाढत गेला, पण संसार फुलला नाही. काही वर्षांत पत्नीचे मानसिक संतुलन ढळले. १७९० साली तिला पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये ठेवावे लागले आणि १८१५ साली ती तिथेच वारली. तिला झालेली मुलगी काही महिन्यांतच दगावली. घरी परतावे तर वाट पाहणारे कोणी नाही, अशा स्थितीत या माणसाने स्वतःला कामात गाडून घेतले. लोक त्यांना कंजूष, तुसडा म्हणत. कपडे साधे, जेवण साधे, बोलणे मोजके. जहाजांना मात्र त्यांनी व्हॉल्टेअर, रूसो, माँतेस्क्यू अशी फ्रेंच विचारवंतांची नावे दिली होती.

१७९३ ची साथ

या तुसड्या माणसाची खरी ओळख शहराला १७९३ साली पटली. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी होती आणि वस्ती सुमारे ५० हजार. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बंदराजवळ पीतज्वराची साथ सुरू झाली. हा रोग डासांमुळे पसरतो हे कळायला आणखी शंभरावर वर्षे जायची होती. त्यामुळे नेमके काय टाळावे हे कोणालाच समजत नव्हते. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनही बाहेर गेले, सरकारी कचेऱ्या बंद पडल्या. नोव्हेंबरपर्यंत सुमारे ५ हजार माणसे दगावली, म्हणजे दर दहा माणसांमागे एक.

शहराबाहेर बुश हिल नावाच्या एका बंगल्यात रोग्यांसाठी इस्पितळ उघडले होते. पण तिथे ना शिस्त होती ना स्वच्छता. तिथे जाणे म्हणजे मरणाच्या दारात जाणे, असेच लोक समजत. महापौर क्लार्कसन यांनी नेमलेल्या समितीत जिरार्ड होते. सप्टेंबरच्या मध्यावर समितीच्या बैठकीत त्यांनी उभे राहून इस्पितळाची व्यवस्था स्वतःकडे मागून घेतली. त्यांच्याबरोबर पीटर हेल्म नावाचे लाकडी पिंपे बनवणारे एक कारागीर तयार झाले. बाहेरची व्यवस्था हेल्म यांनी पाहायची आणि आतली, म्हणजे खुद्द रोग्यांच्या खोल्यांतली, जिरार्ड यांनी.

तेव्हा जिरार्ड ४३ वर्षांचे होते आणि श्रीमंत होते. इतरांप्रमाणे त्यांनाही पैसे देऊन बाजूला होता आले असते. पण सुमारे दोन महिने ते रोज तिथे जात राहिले. रोग्यांना उचलणे, भरवणे, त्यांची घाण काढणे, मेलेल्यांची व्यवस्था लावणे, ही कामे त्यांनी आपल्या हाताने केली. शहरातले नामवंत डॉक्टर बेंजामिन रश धीराने शहरातच राहिले होते, पण रोग्याचे रक्त काढण्यावर आणि कडक जुलाब देण्यावर त्यांचा भर होता. जिरार्ड यांनी डॉ. देव्हेझ या फ्रेंच डॉक्टरांना इस्पितळात आणले. त्यांचा भर विश्रांती, स्वच्छता, पातळ अन्न आणि सौम्य औषधांवर होता. थंडी पडली, डास मेले आणि साथ ओसरली. त्यानंतर शहराने त्या एकाक्ष व्यापाऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली.

याच साथीतली दुसरी हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही, असा समज डॉ. रश यांनीच पसरवला होता. त्यावर विसंबून शहराने कृष्णवर्णीय समाजाकडे मदत मागितली. अ‍ॅब्सलॉम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन हे त्यांचे पुढारी, दोघेही पूर्वीचे गुलाम. त्यांनी माणसे उभी केली. घरोघर जाऊन रोग्यांची शुश्रूषा आणि प्रेते उचलून पुरणे हे काम त्यांनी अंगावर घेतले. समज खोटा होता. त्यांच्यातलीही दोनशेवर माणसे मेली. आणि साथ संपल्यावर एका प्रसिद्ध प्रकाशकाने पुस्तक छापून त्यांच्यावर लुबाडणुकीचा आरोप ठेवला. जोन्स आणि अ‍ॅलन यांनी १७९४ साली उत्तर छापले. त्यात काय होते? जमाखर्च! प्रेते पुरण्याच्या कामापोटी मिळाले सुमारे २३३ पौंड, शवपेट्या आणि मजुरी यांवर खर्च झाले ४११ पौंड. उरलेला खर्च त्यांनी पदरचा केला होता. आपल्या खजिनदारांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

हे जोन्सही पुढे फ्रीमेसन झाले. अमेरिकेतील गोऱ्यांची लॉजे कृष्णवर्णीयांना आपले बंधू मानत नव्हती, म्हणून बोस्टनच्या प्रिन्स हॉल यांनी थेट इंग्लंडच्या ग्रँड लॉजकडून सनद मिळवून वेगळी शाखा काढली होती. तिच्यातूनच १७९७ साली फिलाडेल्फियात आफ्रिकन लॉज निघाले आणि जोन्स त्याचे पहिले प्रमुख झाले. एकाच शहरात, एकाच साथीत सेवा केलेले दोन फ्रीमेसन. परंतु एका छताखाली बसण्याची सोय नव्हती.

पैसा कसा आला

पुढच्या तीस वर्षांत जिरार्ड यांची जहाजे युरोपपासून चीनपर्यंत फिरली. या व्यापारात अफूही होती. लुइझियानात त्यांची जी जमीन होती तिच्यावर तीसच्या वर गुलाम राबत होते. थोर माणसाचे चरित्र लिहिताना अशा गोष्टी झाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण मला ते योग्य वाटत नाही.

सरकारी बँकेची सनद १८११ साली संपली, तेव्हा जिरार्ड यांनी तिची इमारत विकत घेऊन १८१२ साली स्वतःची बँक उघडली. लगेच इंग्लंडशी पुन्हा युद्ध सुरू झाले. १८१३ साली सरकारने १ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज काढले, पण लोकांकडून पुरेसे पैसे येईनात. तेव्हा जिरार्ड आणि आणखी दोन धनिकांनी उरलेला मोठा हिस्सा उचलला. सरकार बुडाले असते तर जिरार्डही बुडाले असते.

आम्हा रेल्वेवाल्यांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, १८३० साली, त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात सुमारे ३० हजार डॉलरला हजारो एकर जमीन घेतली. जमिनीखाली दगडी कोळसा होता. तो बाहेर काढायचा तर वाहतूक हवी, म्हणून डॅनव्हिल-पॉट्सव्हिल रेल्वेमार्गात त्यांनी पैसे घातले. अमेरिकेत रेल्वे तेव्हा नुकतीच पाळण्यात होती. तो मार्ग काही नीट चालला नाही, पण कोळशाच्या जमिनीने पुढे कित्येक दशके त्यांच्या दानाला पैसा पुरवला.

मृत्युपत्र

डिसेंबर १८३० मध्ये रस्ता ओलांडताना एका घोडागाडीने त्यांना पाडले. चाक डोक्यावरून गेले, कान फाटला, उरलेल्या डोळ्यालाही इजा झाली. म्हातारा उठून पायी घरी गेला. त्यानंतर प्रकृती पूर्ववत झाली नाही आणि २६ डिसेंबर १८३१ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत माणूस होते. मालमत्ता सुमारे ७० लाख डॉलर.

मृत्युपत्र उघडल्यावर सगळेच थक्क झाले. नातेवाइकांना तुलनेने थोडे, बाकी सारे लोकांना. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलला ३० हजार डॉलर, मूकबधिरांच्या संस्थेला २० हजार, अनाथाश्रमाला १० हजार, शाळांना १० हजार, संकटातल्या जहाज-कप्तानांच्या संस्थेला १० हजार. घरात काम करणाऱ्या हॅना या गुलाम स्त्रीला मुक्ती आणि वर्षाला २०० डॉलर. गरिबांच्या सरपणासाठी १० हजार डॉलर ठेवताना व्यवहारही पाहिला होता. त्याच्या व्याजातून मार्च ते ऑगस्टमध्ये सरपण खरेदी करावे आणि जानेवारीच्या कडाक्यात वाटावे.

फ्रीमेसनांसाठी २० हजार डॉलर होते. त्यातही हिशेब पाहण्यासारखा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड लॉजने काढलेल्या कर्जापैकी १० हजार ९०० डॉलर जिरार्ड यांचे येणे होते. ते या रकमेतच धरले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज मुद्दलात टाकत राहायचे, आणि रक्कम ३० हजार झाली की पुढच्या व्याजातून गरीब, सद्वर्तनी बंधूंना मदत करायची. शिवाय लॉजमध्ये केवळ चांगल्या चालीच्या माणसांनाच घ्यावे, अशी सूचनाही केली होती. निधी कसा उभारावा याचा हा वस्तुपाठच आहे.

सर्वांत मोठी तरतूद मात्र शाळेची. बाप वारलेल्या गरीब मुलांना सहा ते दहा वर्षांच्या वयात घ्यावे, जेवण-कपडे-शिक्षण द्यावे आणि मोठे झाल्यावर एखाद्या धंद्यात उमेदवारीला लावावे. बांधकामासाठी २० लाख डॉलर, आणि चालवण्यासाठी उरलेली बहुतेक मालमत्ता. इमारत निदान ११० फूट रुंद आणि १६० फूट लांब, तीन मजले, प्रत्येक मजला आतून निदान १५ फूट उंच, दारे-खिडक्या सोडून कुठेही लाकूड नाही, म्हणजे आगीची भीती नाही. इतके बारकावे तर आमच्या टेंडरमध्येही नसतात. कोणत्याही पंथाच्या धर्मोपदेशकाला आवारात पाय ठेवू द्यायचा नाही, अशीही अट होती. पंथांच्या भांडणापासून कोवळी मने दूर राहावीत, हा हेतू. पण याच मृत्युपत्रात दोन गोष्टी आणखी होत्या. शाळेभोवती निदान १४ इंच जाड आणि १० फूट उंच भिंत घालावी. आणि आत येणारी मुले गोरी असावीत. सरपणही गोऱ्या गरिबांनाच मिळणार होते.

अंत्ययात्रेत फ्रीमेसन आपल्या चिन्हांसह सामील झाले, म्हणून कॅथलिक धर्मगुरूंनी विधी करायला नकार दिला. नातेवाइकांनी मृत्युपत्राविरुद्ध दावा लावला. डॅनियल वेब्स्टर यांच्यासारखा नामांकित वकील त्यांनी उभा केला, पण १८४४ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्र कायम ठेवले. पुढे अमेरिकन संसदेचा घुमट उभारणाऱ्या टॉमस वॉल्टर या वास्तुविशारदाने शाळेची संगमरवरी इमारत बांधली आणि १ जानेवारी १८४८ रोजी जिरार्ड कॉलेज सुरू झाले. १८५१ साली फ्रीमेसनांनी आपल्या विधीने जिरार्ड यांचे अवशेष त्याच इमारतीत आणून ठेवले. हजारो पोरकी मुले तिथे शिकली, मार्गी लागली.

भिंत

काळ बदलला. शाळेभोवतालच्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे राहू लागली. भिंतीच्या आत पोरक्या मुलांसाठी सर्व सोय आणि बाहेर तितकीच पोरकी मुले रस्त्यावर. १९५४ नंतर काही कृष्णवर्णीय मुलांनी अर्ज केले, ते नाकारले गेले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शहराच्या विश्वस्त मंडळाला असा भेदभाव करता येणार नाही. त्यावर उपाय काय काढला? शहराचे विश्वस्त काढून खासगी विश्वस्त नेमले! मालकाची इच्छा पाळली पाहिजे, हा युक्तिवाद.

१ मे १९६५ पासून सेसिल मूर या वकिलाच्या नेतृत्वाखाली लोक त्या भिंतीभोवती फेऱ्या घालू लागले. सात महिने सतरा दिवस हे चालले. ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग येऊन भाषण करून गेले. अखेर न्यायालयाच्या निकालाने ११ सप्टेंबर १९६८ रोजी पहिली चार कृष्णवर्णीय मुले त्या दारातून आत गेली. १९८४ पासून मुलींनाही प्रवेश मिळाला. आज त्या शाळेत बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आहेत आणि शिक्षणाला आजही जिरार्ड यांचाच पैसा आहे.

मला राहून राहून एकच विचार येतो. १७९३ साली बुश हिलमध्ये रोग्याला उचलताना जिरार्ड यांनी तो आपला की परका हे पाहिले नाही. त्याच दिवसांत जोन्स आणि अ‍ॅलन यांची माणसे गोऱ्यांची प्रेते उचलत होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही सदतीस वर्षांनी कागदावर दान लिहिताना हाताने तो एक शब्द लिहिला. स्वतः समोर उभा राहून देताना माणसाला जे सुचत नाही, ते नियम करताना सुचते. आणि त्या एका शब्दामुळे शाळेचे दार १८४८ पासून १२० वर्षे काही मुलांना बंद राहिले.

जिरार्ड यांचे मोठेपण याने संपत नाही. मिळवलेले जवळजवळ सारे त्यांनी देऊन टाकले, हे थोडक्यांनाच जमते. मुद्दल कसे जपावे, सरपण केव्हा घ्यावे, हे त्यांच्याकडून शिकावे. संकटात स्वतः जाऊन उभे राहावे, हेही शिकावे. पण भिंत कुठे घालू नये, हेही त्यांच्याच चरित्रातून शिकायला मिळते.

आपला निधी लहान आहे. पण गाडी उशिरा आली म्हणून प्लॅटफॉर्मवर जागणारा पॉइंट्समन, गँगमध्ये काम करणारा ट्रॅकमन, यांतले बहुतेक मराठी नाहीत, आणि तरीही दर वर्षी आपल्याला वर्गणी देतात. पावती फाडताना आपण त्यांची भाषा विचारत नाही. यंदाच्या सभेत निधीचे नियम ठरतील, तेव्हा मदतीच्या अर्जातही तो रकाना नसावा, असे माझे नम्र मत आहे. दरवाजावर येणाऱ्याला आत घेणारा तो आपला बाप्पा आहे. त्याच्या नावाने जमलेल्या पैशाला कुंपण नको.

गणपती बाप्पा मोरया!